चेपलेलं झाकण

पडद्यावरच्या मास्तरांनी हात उगारला आणि तो पडद्यावरच्या मुलीच्या कानाखाली बसला, तेव्हा माझ्या मांडीवर ओला टॉवेल होता, हातात चामड्याचा जुना पट्टा होता, आणि मी सवयीनं, डोक्यात काहीही नसताना, नेमक्या क्षणी पट्टा टॉवेलवर ओढला. आवाज झकास आला. काचेपलीकडून कानसेननं अंगठा वर केला. कानसेन म्हणजे आमचा रेकॉर्डिस्ट; तानसेन व्हायला घराबाहेर पडलो आणि कानसेन होऊन बसलो, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगतो, त्यामुळे त्याचं खरं नाव विचारायची कुणावर वेळ येत नाही. त्यानं चित्र मागं नेलं, कारण प्रत्येक आवाजाचा दुसरा टेक घ्यायचा ही आमची रीत, आणि या खेपेला मी हाताऐवजी पडद्याकडे पाहिलं. तालमीचा मोठा हॉल. जमिनीवर गाद्या अंथरलेल्या. दोन वेण्यांची, शाळकरी वयाची मुलगी. मास्तर तिला सांगतायत, हात आला की मान फिरव. हात येतो. मुलगी जराशी उशिरा वळते. तिच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक रेघ येते, आणि मास्तर, तो एवढा आडदांड माणूस, गुडघ्यांवर कोसळतो, तिच्या पायांवर डोकं ठेवतो आणि ढसाढसा रडतो. मी पट्टा खाली ठेवला. ती मुलगी मी होते.

कानसेननं बोलायचं बटण दाबून विचारलं, "काय झालं? चांगला होता की." मी म्हटलं, पाणी पिऊन येते. पाण्याच्या यंत्रापाशी उभी राहिले आणि पेला भरून वाहायला लागला तरी तो बाजूला घेतला नाही. मला राग आलाय हे मला लगेच कळत नाही. आधी हात गार पडतात, मग मानेच्या मागे कुणीतरी गरम इस्त्री धरल्यासारखं वाटतं, आणि मग एकदम तळपायाची आग मस्तकात जाते, आणि तोवर समोरचा माणूस बहुधा निघून गेलेला असतो. नवरा होता तेव्हा म्हणायचा, तुझं भांडण नेहमी उरलेल्या जेवणासारखं, दुसऱ्या दिवशी गरम करून वाढतेस. तोही निघून गेला. तेव्हाही मला चार दिवसांनी राग आला होता. हा मात्र तिथंच, त्या यंत्रापाशी आला, पेल्यातलं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत असताना, आणि एवढा आला की मी त्या यंत्रालाच एक लाथ घातली. लाथ नीट बसली. अशा घरात वाढलेय मी.

सिनेमातल्या माणसांचे आवाज करणं हा माझा धंदा. बोलणं सोडून बाकीचे. त्यांची पावलं, त्यांचे कपडे सळसळणं, त्यांचे ठोसे. मारामारीच्या सिनेमात खरा आवाज काही कामाचा नसतो. खरा ठोसा भिजल्या पिठावर मूठ पडावी तसा फुसका वाजतो, प्रेक्षक हसतील. म्हणून हाड मोडायचं तर कोबीचा देठ मोडायचा, लाथ फिरायची तर हवेत बारीक छडी फिरवायची, माणूस पडायचा तर वाळूची पिशवी जुन्या कोटात गुंडाळून आपटायची. लोक चिडले की म्हणतात, कानाखाली आवाज काढीन. मी इतकी वर्षं त्यावरच पोट भरलंय. एका कानावर हे काम करते म्हटल्यावर लोकांना नवल वाटतं. त्यात नवल कसलं? माइकलाही एकच कान असतो. आमचं दोघांचं जमतं. फक्त आवाज कुठून आला ते मला कळत नाही. रस्त्यात हॉर्न वाजला की मी वेड्यासारखी चहूकडे बघते, कुणी हाक मारली की आधी भलत्याच माणसाकडे वळून हसते. आमच्याकडे रिळं उलटसुलट येतात. या सिनेमाचं शेवटचं रीळ मी आधीच करून टाकलं होतं. त्यात एक तरणीताठी बाई डोळ्यांवर पट्टी बांधून, नुसत्या पावलांच्या आवाजावर, एकेका धटिंगणाला लोळवते. छान उड्या मारते. तिच्या पावलांचे आवाज मी गादीवर अनवाणी नाचून काढले होते, घाम निथळेपर्यंत. आता कळलं की ती बाईसुद्धा मीच. एका कानानं शत्रू कुठून येतोय ते ओळखणारी. मला माझ्याच घरात फोन कुठल्या खोलीत वाजतोय ते सापडत नाही.

मी परत गेले तर मानसपुत्र आलेला. सिनेमा त्याचा, लिहिलेला त्याचा आणि दिग्दर्शनही त्याचंच. हे नाव त्याला मास्तरांनी दिलं, चारचौघांत खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, हा माझा मानसपुत्र, आणि तेव्हापासून मी त्याला मनात दुसऱ्या कुठल्याही नावानं हाक मारलेली नाही. मास्तर म्हणजे माझे वडील. सिनेमातल्या मारामाऱ्या बसवायचे, आणि त्यातून उरलेल्या वेळात पोरांना शिकवायचे. हा त्यांचा सगळ्यांत लाडका. आमच्या घरी राहायचा, आमच्या ताटात जेवायचा, मला ताई म्हणायचा. माणूस वाईट नाही. हेच तर अवघड आहे. वाईट असता तर टॉवेल तोंडावर फेकून निघून जाता आलं असतं.

"बघितलंस, ताई?" त्याचे डोळे ओले होते. "मुद्दाम सांगितलं नव्हतं. सरप्राइज होतं गं तुझ्यासाठी."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुठलं?"

"हेच. रिहर्सल. गाद्या. उशिरा वळले मी, ते."

"अगं, कुणी म्हणजे काय! मास्तरांनीच. नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी हेच सांगायचे ना. वेळेवर मान फिरवली नाही की काय होतं ते माझ्या पोरीला विचारा. मी तेव्हाच ठरवलं होतं, कधीतरी हा सीन करायचा."

"मग मला विचारायचंस."

"तुला काय विचारणार? तू लहान होतीस तेव्हा."

"कान माझा होता."

तो हसला, प्रेमानंच. "तुझा तिखटपणा काही गेला नाही. बरं ऐक, परवा मास्तरांना दाखवला, नुसतं चित्र, आवाजाशिवाय. रडले गं. अगदी लहान मुलासारखे रडले. माझा हात धरून म्हणाले, असंच झालं होतं. अस्संच." मग त्यानं माझ्या पाठीवर थोपटलं. "थपडीचा आवाज एवढा मोठा कर की थेटरातला शेवटचा माणूस दचकला पाहिजे. आणि त्यानंतर सगळं शांत. नुसती बासरी. बाया रडून रडून बेजार होतील बघ."

असंच झालं होतं. हे शब्द घेऊन मी त्या दुपारी घरी चालत गेले. रस्त्यात कुणाचा धक्का लागला तर मी वळून अशी बघत होते की समोरचा माफी मागून बाजूला होत होता. असंच झालं होतं म्हणे. झालं ते आमच्या घरात, हॉलमध्ये नव्हे. स्वयंपाकघर एवढं अरुंद की दोघं आत असली की तिसऱ्यानं दारात उभं राहायचं. दूध तापत होतं. आई ओट्याशी पाठमोरी काहीतरी चिरत होती. मी पातेल्यावरचं झाकण हातात धरून उभी, कारण दूध वर आलं की ओरडायचं हे माझं काम होतं आणि ते काम मला फार आवडायचं. मास्तर बाहेरून आले ते बूट न काढता आत. त्या दिवशी सेटवर हिरोनं त्यांना सगळ्यांदेखत घालवून दिलं होतं, ठोसा खरोखरच त्याच्या नाकावर लागला म्हणून. ते आईला सांगत होते, हातवारे करून, तो गाढव कसा चुकीच्या पायावर उभा राहिला, त्यानं मान कशी फिरवलीच नाही. आई हूं हूं म्हणत होती. मी मात्र मन लावून ऐकत होते. मला त्यांच्या मारामाऱ्या पाठ होत्या, कुठला हात कुठपर्यंत जायला हवा ते मला झोपेत सांगता आलं असतं, आणि ते करून दाखवत होते तो हात मला स्पष्ट दिसत होता. मी म्हटलं, "पण बाबा, तुमचाच हात लांब गेला असेल." एवढंच. उद्धटपणा नव्हता तो. मला वाटलं होतं ते खूश होतील, पोरीला आपल्यातलं कळतं म्हणून.

हात आला. मान फिरव असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. आवाज मोठा नव्हता. कागदी पिशवी फुगवून फोडावी तसा, पण आतून आला. झाकण हातातून सुटलं, फरशीवर पडून काठावर उभं राहिलं आणि गोल फिरायला लागलं. झाकण जसं फिरतं तसं, आधी सावकाश, ऐसपैस, मग जितकं खाली बसेल तितकं घाईघाईनं. उजव्या कानात ते वाजत होतं आणि डावीकडे नुसती बारीक शिट्टी. एका कानानं मी ऐकलेला तो पहिला आवाज. ते थांबेपर्यंत कुणी हलणार नाही असं मला वाटलं, ते फिरत असेपर्यंत अजून काही झालेलं नाही असं काहीतरी वेडगळ. मग मास्तरांनी बुटाचा पाय पुढे केला आणि ते दाबलं. खण्ण. बंद. ते गुडघ्यांवर बसले नाहीत. रडले तर मुळीच नाहीत. दूध उतू जात होतं. "गॅस बंद कर," ते आईला म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पेपर उघडून बसले.

डॉक्टरकडे नेलं ते आईनं. डॉक्टरनं विचारलं, कशानं झालं, आणि आई एकही क्षण न थांबता म्हणाली, "रिहर्सलमध्ये लागलं हो. हिचे वडील फाइट मास्टर आहेत ना. ही मेली उशिरा वळली." उशिरा वळली. एवढं बेमालूम खोटं दुसऱ्या कुठल्याही घरातल्या बाईला सुचलं नसतं. दुसऱ्या घरातली मुलगी जिन्यावरून पडली असती, दारावर आपटली असती, आणि डॉक्टरनं भुवया उंचावल्या असत्या. फाइट मास्टरच्या मुलीला लागलं तर त्यात विचारायचं काय? उलट डॉक्टरनं मास्तरांच्या सिनेमांची चौकशी केली. कानाचा पडदा फाटला होता, मग आत पू झाला, मग औषधं, पुन्हा औषधं, आणि एक दिवस कान गेला तो गेलाच. आणि आईचं ते वाक्य मात्र धट्टंकट्टं होऊन घरात वावरायला लागलं. मास्तरांनी ते एकदा पाहुण्यांत वापरून पाहिलं. बरं जमलं. मग शिकवताना वापरलं. वर्षामागून वर्षं पोरांच्या रांगा माझ्याकडे वळून बघायच्या आणि मास्तर म्हणायचे, बघा, मार देणारा काही करत नाही, मार घेणाराच सगळं घडवतो, तो चुकला की संपलं. आणि मी तिथं बसून मान डोलवायचे. म्हणजे माझ्या बापानं मला मारलं, माझ्या आईनं त्यावर पांघरूण घातलं, आणि त्या पांघरुणाखाली मी इतकी वर्षं अशी निमूट झोपले की कधीकधी मलाच आठवायचं, हॉल, गाद्या, माझी उशिरा फिरलेली मान. नाही म्हणायला त्या गाद्यांवर झाकण कुठून आलं एवढं मात्र मला कधी जुळवता आलं नाही.

कानसेनला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, का कोण जाणे. त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "तू हा सीन सोड," तो म्हणाला. "मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो. नाहीतर काल घेतलेला टेक तसाच लावून देतो. उत्तमच झालाय."

तो उत्तमच झाला होता. माझ्याच हातानं, माझ्याच मांडीवर, माझ्याच कानाखालची थपड मी बापाला शोभेलशी करून दिली होती. आईनं वाक्य दिलं, मास्तरांनी गोष्ट केली, मानसपुत्रानं चित्र काढलं, आणि आवाजाची तेवढी उणीव होती ती मी भरून काढायची. मग बासरी लागणार, गावोगावच्या बाया डोळ्यांना पदर लावणार, आणि त्या स्वयंपाकघरात जे झालं ते कधी झालंच नव्हतं असं होऊन जाणार. मी सोडलं तर दुसरी कुणीतरी याहून मोठी थपड काढील. बोलून काय होणार होतं? एका म्हाताऱ्याला बदनाम करायला निघाली, असं म्हणतील. काय गं, आत्ताच आठवलं का? माझ्या हातात बोलणं नव्हतंच. आवाज होता. त्या सीनमध्ये काय वाजायचं एवढं एकच माझ्या हातात होतं.

"नाही," मी म्हटलं. "मीच करते. पण मला एक वस्तू आणावी लागेल."

मी आईबाबांच्या घरी गेले तेव्हा मास्तर दारातच आरामखुर्चीत बसले होते. आता ते वाळलेत, गळ्याची कातडी लोंबते, पण हात तेच आहेत, मोठे, बोटांची पेरं सुजल्यासारखी. मला पाहून ते हसले आणि नेहमीप्रमाणे माझ्या डाव्या बाजूनं बोलायला लागले. कुठला कान गेलाय ते त्यांच्या कधीच लक्षात राहिलं नाही. त्यांच्या सगळ्या गोष्टींत तो डावा असतो, पण घरात मी समोर आले की ते डावीकडूनच बोलतात. मी नेहमी मान वळवून ऐकते. त्या दिवशी वळवली नाही. ते बोलत राहिले, मी स्वयंपाकघरात गेले.

आई भाजी निवडत होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "सिनेमा बघितलास?"

"ह्यांनी बघितला. मला कुठं गुडघ्यांमुळं बाहेर पडवतंय? चांगला आहे म्हणतात."

"मी उशिरा वळते त्यात."

आईची बोटं थांबली नाहीत. "असेल."

"आई, तू होतीस तिथं. पाठमोरी होतीस, पण होतीस."

"आता कशाला ते? म्हातारा झालाय तो. रात्र रात्र झोपत नाही. त्यालाच बघू दे की जरा बरं काहीतरी."

"आणि मी काय बघू?"

"बायो, आवाज चढवू नकोस. बाहेर ऐकू जातंय त्याला."

"जाऊ दे!" मी ओरडले. खरंच ओरडले, त्या घरात पहिल्यांदा. "जाऊ दे ऐकू! त्याला दोन आहेत ना कान!" आणि मग मला थांबताच येईना. मी म्हटलं, तू मला विकलंस. म्हटलं, तो मारून मोकळा झाला, पण तू, तू डॉक्टरसमोर माझ्या डोक्यावर हात फिरवत ते बोललीस. म्हटलं, त्याच्यावरचा राग मला परवडतो, तुझ्यावरचा राग मी कुठं ठेवू सांग. बाहेर टीव्हीचा आवाज वाढला. मास्तरांनी तो वाढवला होता. आई खाली बघत राहिली. तिनं देठं एका बाजूला लोटली, पानं एका बाजूला लोटली, आणि अगदी वेगळ्या, जवळजवळ कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, "मी काय करायला हवं होतं? पोलिसांत जायला हवं होतं? तुला घेऊन कुठं जायला हवं होतं?" राग असला की उत्तरंही असतील अशी माझी समजूत होती.

मग मी झाकण मागितलं. म्हटलं, ते असेल अजून. ती हात टेकून उठली. कुठलं झाकण असं तिनं विचारलं नाही. शेगडीवर पातेलं होतं, त्यावरच होतं ते. एका बाजूला चेपलेलं, बुटाच्या टाचेएवढा खळगा, त्यामुळे ते पातेल्यावर नीट बसत नाही, एवढ्या वर्षांत कधीच बसलेलं नाही, वाफ तिथून निघत राहते. तिनं ते पुसलं. स्वच्छ फडक्यात गुंडाळलं, चारी टोकं नीट आत दुमडली आणि माझ्या हातात दिलं. "जा घेऊन," ती म्हणाली. "मी नवीन आणलंय." नवीन कुठं दिसत नव्हतं. मी निघाले तेव्हा तिनं पातेल्यावर एक ताटली उपडी घातली होती, आणि माझ्याकडे पाठ करून उभी होती, त्या दिवशी होती तशीच.

स्टुडिओत आमच्याकडे जमिनीचे वेगवेगळे चौकोन असतात, वाळूचा, खडीचा, लाकडाचा, फरशीचा. मी फरशीच्या चौकोनावर उभी राहिले. कानसेननं माइक खाली, अगदी जमिनीलगत आणला. थपड मी पट्ट्यानं काढलीच नाही. कागदी पिशवी फुगवून, टॉवेलमध्ये गुंडाळून फोडली, लहानशी, बंद, आतल्या आत. मग झाकण सोडलं. पहिल्यांदा ते नुसतंच आडवं पडलं. दुसऱ्यांदा कडेला घरंगळत गेलं. तिसऱ्यांदा काठावर उभं राहिलं आणि फिरलं, पण ते पूर्वीचं राहिलं नव्हतं, प्रत्येक फेरीत खळगा आला की लंगडत होतं, खण-खण-खट, खण-खण-खट. माझा पाय आपोआप आखडला. कुणीतरी आता दाबणार असं वाटून मी दाताखाली ओठ धरून उभी राहिले. कुणी दाबलं नाही. ते खाली खाली आलं, घाईला आलं, लंगडणं त्या घाईत विरून गेलं, आणि शेवटी एक लांब थरथर झाली, फरशीच थरथरतेय असं वाटलं, आणि मग ते निजलं. याचा शेवट असा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. मी कधी ऐकला नव्हता. काचेपलीकडे कानसेननं अंगठा वर केला नाही. त्यानं फक्त मान हलवली, आणि दुसरा टेक मागितला नाही.

मानसपुत्र ते काढून टाकणार हे मला ठाऊक होतं. एका बोटाचं काम. हॉलमध्ये, गाद्यांवर, झाकण कुठून येईल? कुठल्याही शहाण्या माणसानं हेच विचारलं असतं. सिनेमात ते राहावं अशी माझी आशाही नव्हती. मला ते फक्त एकदा वाजायला हवं होतं, एका माणसासमोर, त्यानं गोष्टीत शिरून बसायच्या आधी. म्हणून मी स्वतःच मानसपुत्राला फोन करून सांगितलं, संगीत लावण्याआधी मास्तरांना ऐकायला आण. तो भारावून गेला. मास्तर माझं काम बघायला याआधी कधी आले नव्हते.

आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून. स्टुडिओतलं छोटं प्रेक्षागार, गालिचा, थोड्याच खुर्च्या. मी त्यांना हात धरून आणलं आणि माझ्या डावीकडे बसवलं. मुद्दाम. त्यांचा हात माझ्या हातात होता तेवढा वेळ तो मला ओळखीचा वाटला, ऊबदार, आणि त्या ओळखीचाच मला संताप आला. मानसपुत्र मागे बसला. कानसेन पुढे आपल्या टेबलापाशी. अंधार झाला. पडद्यावरच्या मास्तरांनी गाद्यांवरून दोन पावलं टाकली. माझी पावलं ती, मीच केलेली. माझ्या शेजारच्या मास्तरांनी खिशातून रुमाल काढून मांडीवर तयार ठेवला. घडी केलेला, पांढराशुभ्र. रडायची तयारी करून आला होता हा माणूस.

हात उगारला गेला. मुलगी उशिरा वळली. आणि ती छोटीशी, बंद पिशवी फुटली. मागे मानसपुत्राची खुर्ची कुरकुरली, त्याला थेटर दचकवायचं होतं. पडद्यावर रक्ताची रेघ आली, पडद्यावरचा माणूस गुडघ्यांवर कोसळला, तोंड उघडून रडायला लागला, आणि त्याच्या रडण्यावर, कुठंही काही नसताना, झाकण फिरायला लागलं. आधी ऐसपैस. खण-खण-खट. "हा कसला आवाज?" मानसपुत्र कुजबुजला. "ताई, हे काय लावलंयस? हॉलमध्ये भांडं कुठून आलं?" मी पडदा बघतच नव्हते. मांडीवरच्या रुमालावर मास्तरांचा हात होता, तो तिथंच थिजला होता. त्यांचा चेहरा रडत नव्हता. मी आयुष्यभर पाहिला नव्हता असा तो रिकामा झाला होता, घरातलं सामान हलवून नेल्यावर भिंती दिसाव्यात तसा. आणि खाली, पडद्याच्या निळसर उजेडात, त्यांचा उजवा पाय खुर्चीखालून सावकाश पुढे सरकला. त्यांना ते ठाऊकही नसावं. बूट पुढे आला, थांबला, आणि गालिच्यावर जोरानं दाबला गेला.

झाकण फिरतच होतं. मास्तरांनी पाय उचलला, पुन्हा दाबला. त्यांचे ओठ हलले; ते माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले, माझ्या डाव्या बाजूनं, आणि मी मान वळवली नाही. पुन्हा म्हणाले. पुढच्या टेबलावरून कानसेननं मागे वळून पाहिलं.

"मास्तर म्हणतायत, थांबव," तो मला म्हणाला. "थांबवू का?"

ते आता खाली आलं होतं, घाईला आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "पुरतं वाजू दे."

मास्तरांचा बूट अजून गालिचा दाबून होता.